सा – काळी चार

मंगळवारी माझे पती बँकेत गेले. तिथे रांगेत ते कोसळले. दुपारी घरी फोन आला.

तेरावा झाल्यावर मी कपाट आवरायला घेतलं. वरच्या कप्प्यात, त्यांच्या स्वेटरांमागे, एक युकुलेले निघाली. चार तारांची, गिटारच्या धाकट्या बहिणीसारखी. सोबत शंभर पानी वही. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांना मी कधी शीळ घालतानासुद्धा ऐकलं नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी ते अंबाझरी तलावाकडे फिरायला जात. निदान मला तसं सांगत.

वहीचं पहिलं पान मी कितीतरी वेळा वाचलं. वर लिहिलं होतं, ‘तिचा सा – काळी चार.’ त्याखाली सात सूर: सा रे ग म प शुद्ध, ध आणि नी कोमल. मग त्या सुरांतला एक घ्यायचा, एक सोडायचा, असं करत तीन-तीन सुरांच्या कॉर्ड बांधलेल्या. सा-ग-प. रे-म-ध. ग-प-नी. प्रत्येकीपुढे चार तारांची चौकट आणि बोटं कुठे ठेवायची त्याचे ठिपके. सूर तीन, तारा चार, म्हणून कुठला सूर दोनदा घ्यायचा याचीही टीप होती. इतकी मेहनत त्यांनी आमच्या मालमत्ता कराच्या अर्जावरही घेतली नव्हती.

लहानपणी मी वर्षभर पेटी शिकले आहे. काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तिथून सहसा बायका गातात. मी गात नाही. मी शाळेत मराठी शिकवलं आणि घरी वाचत बसले. मग ही कोण?

भेटायला येणाऱ्या बायकांचे आवाज मी लक्ष देऊन ऐकू लागले. शेजारच्या बाई भजनी मंडळात आहेत. त्या जरा जास्तच रडल्या होत्या. माझ्या पतींच्या ऑफिसातल्या एक बाई चहा न घेता उठल्या. त्याचाही मी अर्थ लावला.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर धरमपेठेतल्या एका संगीत क्लासचा शिक्का होता. पुढच्या गुरुवारी मी युकुलेले घेऊन तिथे गेले. शिकवणारा तिशीतला होता. मी म्हटलं, शिकायचं आहे. त्याने आधी वाद्याकडे पाहिलं.

“ही तर काकांची. तुम्ही काकू ना? मले कळलं... या, बसा.”

“त्यांच्याबरोबर कोणी यायचं का?”

“कोणीच नाही. लय जिद्दी माणूस, काकू. मी म्हटलं, काका, पांढरी एकवरून बांधा, बोटांले सोपं पडते. तर नाही! काळी चारच पाहिजे. काहून म्हटलं, तर नुसते हसून राहिले.”

“कोणासाठी?”

“त्या बाईसाठी. तिचं रेकॉर्डिंग आणलं होतं ना त्यांनी. त्याच्यावरूनच तर सूर काढले आम्ही. मी म्हटलं, बाई बेसूर आहे, खाली बिलावल गाते अन् वर भैरवी. काका असे तापले! ‘बेसूर नाही, तिचं असंच असते.’ मग शोधलं, तर तसाच एक राग निघाला, चारुकेशी. काकाच बरोबर होते.”

“ऐकव,” मी म्हटलं. माझा स्वर मलाच आवडला नाही.

त्याने मोबाइल पुढे ठेवला. एक बाई तोंड मिटून गुणगुणत होती. शब्द नव्हते. ‘ध’शी आली की खाली घसरायची. आवाज वयस्क, जरा चिरका. असल्या आवाजासाठी? माझ्या मनात आलं. तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली, गुणगुणणं थांबलं आणि ती बाई म्हणाली, “अहो, ही तिसरी का चौथी?”

शिट्ट्या मोजायचं काम आमच्याकडे त्यांचं होतं.

शिकवणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. “काकू... तुम्ही? मी बेसूर म्हटलं, राग नका मानू.”

मी गुणगुणते हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही नाही. सांगितलं असतं तर मी थांबले असते. ते त्यांना माहीत असावं.

आता मला माहीत आहे. मी गुणगुणत नाही.