टेस्ट कसली होती

अडतिसाव्या वर्षी मला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा लेक अकरा वर्षांची होती. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा मिनिस्ट्रीत, मी गुडगावच्या नव्याकोऱ्या काचेच्या ऑफिसात. त्यात हे. आनंद झाला का? झाला. लाजही वाटली. दोन्ही एकदम झालं की माणसानं तोंड कसं करायचं, कुणास ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं की या वयात बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता वाढते, आणि तुमचा आकडा जरा काळजीचा आहे. खात्री करायची तर पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं आणि ते तपासायचं. त्या सुईनं क्वचित गर्भ पडतोही. "मग मी काय करू?" तर म्हणे, निर्णय तुमचा. अहो, निर्णय माझा, तर तुम्ही इथे एसीत बसून काय करता? हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

घरी नवऱ्याला विचारलं. "तू म्हणशील तसं."

"मी काय भाजी कुठली करू विचारतेय का?" मी ओरडले. तो बिचारा पेपर चाळायला लागला. त्यालाही काही कळत नव्हतं, पण ते कबूल करेल तर शपथ! डोक्याचा नुसता भुगा झाला होता. दोष निघाला तर मी काय करणार, हेच मला माहीत नव्हतं. मग टेस्ट करून तरी काय करायचं? आणि न करता रोज झोपायचं कसं?

शेवटी करायचं ठरवलं. जिन्यात शेजारच्या आंटी भेटल्या. त्यांना कुठून कळलं, देव जाणे. म्हणाल्या, "करवा लो, करवा लो. एक बेटी तो है ही. मेरी ननद ने भी चुपचाप करवाया था."

मला उलगडायला दोन पायऱ्या लागल्या. या शहरात पोटातलं पाणी तपासायचं म्हणजे एकच गोष्ट तपासायची, मुलगा की मुलगी. "आंटी, वो वाला टेस्ट नहीं है!"

"हाँ हाँ, बिल्कुल," म्हणत त्यांनी डोळा मारला. मागे वळले, तर लेक दप्तर घेऊन उभी.

रविवारी आम्ही दोघी अंगणात उन्हात मटार सोलत होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "आई, सच सांग. माझ्या वेळी केली होतीस ती टेस्ट?"

"नाही गं. तेव्हा मी तरुण होते. कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं असतं तर?"

मी घाईघाईनं सांगत सुटले, मुलगा-मुलगी बघायचं नाहीये, बाळ बरं आहे ना, एवढंच बघायचंय.

"आणि बरं नसेल तर?"

"ते मलाच अजून कळत नाहीये, राणी."

तिनं थोडा विचार केला. "आणि मुलगी असेल तर?"

"तर तुला बहीण."

"पक्का?"

"पक्का."

मग तिनं वाटीतले मटार तोंडात टाकले. मला वाटलं, सुटले.

सुई टोचून घेतली. रिपोर्टची वाट बघताना मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. रिपोर्ट चांगला आला. त्यात मुलगा की मुलगी हे नव्हतं, मी विचारलंही नाही. पुढे दिवस भरले, बाळंतपण नीट झालं. बाळ अगदी ठणठणीत.

मुलगा झाला.

घरी आलो, त्याच दिवशी आंटी लाडवांचा डबा घेऊन हजर. पहिला लाडू लेकीच्या हातात दिला, बाळाची दृष्ट काढली आणि माझ्याकडे बघून मनापासून हसल्या. "देखा? टेस्ट करवाया तो फायदा हुआ ना?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मग हातातला लाडू परत डब्यात ठेवला.