लांडीचा डोस

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यभर कुत्र्यांना जुलाब दिले. लोकांचे भाऊ कारकून असतात, गवंडी असतात, गेला बाजार रिकामटेकडे तरी असतात. माझ्याच्या नशिबी हे काम. आमच्या वस्तीबाहेर, जिथे डांबरी रस्ता संपून काटेरी झुडपांचा रेताड माळ सुरू होतो, तिथे जंतांच्या रोगांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथे तो नोकरीला. गल्लीतली पोरं त्याला डोसकाका म्हणायची आणि हा गडी खुशाल ओ द्यायचा.

काम काय, तर मेंढपाळांची कुत्री आणायची, पत्र्याच्या ट्रेवर बांधायची आणि जबडा उघडून औषध घशात सारायचं. थोड्या वेळात कुत्र्याचं पोट मोकळं होई. त्यात पांढरे जंत निघत, तांदळाच्या कणीहून बारीक. ते मोजायचे, मग सगळं रॉकेल ओतून जाळायचं आणि खालची फरशी ज्योतीने भाजून काढायची. घरी येऊन जेवताना हे सगळं तो इतक्या प्रेमाने सांगायचा, की मी कितीदा तरी ताटावरून उठले असेन.

ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं. हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी मातीत पडतात, गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या लिव्हरमध्ये पाण्याने भरलेल्या पिशव्या धरतात. कसायाने ते लिव्हर फेकलं की कुत्रं ते खातं, आणि फेरा पुन्हा सुरू. माणसाचा यात काही संबंध नाही. पण मातीचं बोट तोंडात गेलं, की मेंढीच्या जागी माणूस सापडतो. केंद्राच्या प्रमुख मोठ्या बाई वयाने माझ्या भावापेक्षा लहानच होत्या. त्यांना एकाच प्रश्नाने पछाडलं होतं: एवढ्या कोरड्या मुलखात, एवढ्या उन्हात ही अंडी तगतात तरी कुठे? तेव्हा केंद्रात सगळे हेच धरून चालत की आपल्याकडच्या उन्हात काही टिकत नाही.

ज्या कुत्र्यात जंत फार, त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं आणि आतडं उघडून मोजदाद करायची, असा तिथला नियम. भावाने अशी कितीतरी कुत्री स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली होती. त्याला कधी काही वाटलं नव्हतं. मग त्या शेपूट तुटलेल्या मरतुकडीत त्याने काय पाहिलं, देव जाणे. म्हणाला, तिने माझ्या बुटावर हनुवटी टेकली. झालं. मोठ्या बाईंना सांगितलं की कुत्री दोरी कुरतडून पळाली, आणि पोत्यात घालून सायकलवरून तिला घरी घेऊन आला. शेपूट तुटकं, म्हणून नाव पडलं लांडी.

मी त्याला उभा आडवा घेतला. घरात चार वर्षांची पोर, तिला आई नाही. भावजय बाळंतपणातच गेली, तेव्हापासून खारूला मीच वाढवत होते. नाव वेगळंच होतं तिचं, पण खारीसारखी सदा इकडून तिकडे, म्हणून खारू. अशा घरात जंतांनी भरलेली कुत्री आणायची म्हणजे अक्कल गहाण टाकली म्हणायची. भाऊ शांतपणे म्हणाला, उद्या तिला साफ करतो. या कामात माझा हात धरणारा कोणी आहे का?

नव्हताच. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मागच्या अंगणात खुंटी नव्हती, म्हणून त्याने लांडीला पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला बांधलं आणि डोस दिला. पोटात कळ उठली तशी ती पायाभोवती गोल गोल फिरू लागली आणि सगळीकडे घाण झाली. त्याने हातमोजे घालून ती कणन् कण गोळा केली, डब्यात जाळली. फरशी भाजायची राहिली. वर प्लॅस्टिकचा पाइप, तिथे ज्योत कशी धरणार? मग त्याने दोन बादल्या पाणी ओतून खराट्याने जागा लख्ख धुतली. पाणी टाकीखाली गेलं. उरलंसुरलं ऊन बघून घेईल, असं म्हणून तो चहाला आला.

आता टाकीखाली ऊन कधी येतच नव्हतं. ती टाकी वर्षानुवर्षं गळायची आणि दुरुस्त करतो करतो म्हणत भाऊ दिवस ढकलायचा. आमच्या सगळ्या घरात ओली राहणारी जागा तेवढी एकच. खारूची भातुकली तिथेच चालायची. मातीचे लाडू, मातीच्या भाकऱ्या, आणि पहिला घास नेहमी तिचा स्वतःचा.

लांडी मात्र सुधारली. अंगावर केस आले. भाऊ तिला शिजवलेल्याशिवाय काही देत नसे आणि दोरीशिवाय दाराबाहेर नेत नसे. खारूच्या पायांवर आडवी पडून ती झोपायची. मी दिवसभर तिला शिव्या द्यायचे आणि पातेल्यातली खरवड तिलाच घालायचे.

खारू दहा वर्षांची झाली तेव्हा जेवण टाकू लागली. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. पोरगी वाळत चालली आणि पोट मात्र वर येत चाललं. एकदा दुपारी ती कॉटवर पडली होती. भावाने सहज बोलता बोलता तिच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला. केंद्रातर्फे कत्तलखान्यात मेंढ्यांची लिव्हरं तपासण्यात त्याची निम्मी नोकरी गेली होती. त्याचं तोंड बघून मी हातातलं काम खाली ठेवलं.

पोटाच्या फोटोत लिव्हरमध्ये तीन पिशव्या दिसल्या. एक इतकी ताणलेली, की डॉक्टरांनी तिला पळायची, उडी मारायची बंदी केली. मोठ्या बाई स्वतः धावल्या, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळवून दिली. ते सांगायला घरी आल्या, तेव्हा लांडी दारातच बसलेली. बाईंनी तिच्या तुटक्या शेपटीकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. आणि तारखेचा कागद त्याच्या हातात ठेवला.

त्याच महिन्यात बाईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भावानेच घरोघरून गोळा केलेल्या मातीत, उघड्या जागी काही सापडलं नाही. अंडी सापडली ती माठांखाली, टाक्यांखाली, सावलीतल्या ओलीत. त्या दिवशी भाऊ घरी आला तो बूट न काढताच मागे गेला आणि टाकीसमोर उकिडवा बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. सांगताना खराटा कसा मारला तेही हाताने करून दाखवलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

मी म्हटलं, "लांडी नंतर बाहेरून काही खाऊन आली असेल. तू कुठे चोवीस तास पाहत होतास?"

त्याला तेवढा आधार पुरला. मलाही पुरला, खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खारू उशांना टेकून बसली होती. गल्लीतल्या पोरांनी तिचे कान भरलेच होते. तिने बापाला विचारलं, "बाबा, हे मला लांडीमुळे झालं ना?"

भाऊ खिडकीकडे बघत राहिला. शेवटी तो म्हणाला, "कुत्र्यांमुळे होतं बाळा हे."

"मग तुम्ही तिला मारू नका हं. तिला काय कळतंय? मी नाही रागावले तिच्यावर."

त्याने मान हलवली. तिने त्याच्याकडून तीनदा वचन घेतलं.

ऑपरेशनमध्ये ती ताणलेली पिशवी फुटली. आतलं पाणी अंगात पसरलं की शरीर ते सोसत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो, असं सर्जननी आम्हाला बाकावर बसवून समजावून सांगितलं. भावाला ते सगळं ठाऊक होतं. तरी तो शेवटपर्यंत मान डोलावत ऐकत राहिला, जसं काही कोणा दुसऱ्याच्या मुलीबद्दल चाललंय.

गल्लीतले लोक काठ्या घेऊन आले तेव्हा तोच दारात आडवा उभा राहिला. खारू गेली, लांडी राहिली. घरात आम्ही दोघं आणि ती, आणि कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

काही दिवसांनी मोठ्या बाई आल्या. भावाने त्यांना लांडी चोरून आणल्याचं आणि घरीच डोस दिल्याचं सांगितलं, टाकीचं मात्र नाही. मग म्हणाल्या, कुत्रीला इजा करणार नाही, पण एक डोस देऊन बघायला हवं. भाऊ लगेच उठला. इतका चटकन, की मला कळलं, तोही तीच आशा धरून आहे. लांडीच्या पोटात जंत निघाले, तर ती नंतर कधीतरी बाहेरून लागण घेऊन आली. मग ती सकाळ, त्या बादल्या, तो खराटा, काहीच त्याच्या माथी नाही. आयुष्यात मी जंतांसाठी देवाला हात जोडले ते त्या दिवशी.

मीही बरोबर केंद्रात गेले; तिथे त्याने स्वतःच लांडीला ट्रेवर बांधलं. म्हातारी झाली होती, तिने आपणहून तोंड उघडलं. सगळं निघालं ते त्याने पाण्यात कालवलं, गाळलं, काळ्या ताटलीत पसरलं. आधी त्याने पाहिलं, मग बाईंनी भिंगाखाली पाहिलं, मग पुन्हा त्याने पाहिलं. एकही जंत नव्हता. कुत्री आतून धुतल्यासारखी स्वच्छ होती.

बाईंनी हातमोजे काढले. त्यांना त्याचं सांत्वन करायचं होतं, यात मला शंका नाही. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तेव्हा काम अगदी चोख केलं होतं."

भाऊ ट्रेच्या कडेला खाली बसला. लांडीने येऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर त्याने ते दोन्ही हातांनी बाजूला सारलं. मी त्याला हाताला धरून उठवायला गेले.

"ताई, खारूने मला विचारलं होतं," तो म्हणाला. "मी कुत्रीवर ढकललं. तिने हिला माफ करून टाकलं गं. मला पण केलं असतं."

मी म्हटलं, हो, केलं असतं. दुसरं काय म्हणणार होते? मग बाईंनी आम्हाला गाडीने घरी सोडलं, आणि लांडी मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये बसली.