आत्याबाई, जुनं बियाणं

आमच्या आत्याबाईंना कधी काही दुखलं नाही. निदान पाहुण्यांसमोर तरी नाही. आत्याबाई म्हणजे माझी सासू; आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. घरात त्या भिंत धरून चालायच्या, खाटेवरून उठताना "माय वं" म्हणायच्या. विहारात वंदनेला बायका खाली रांगेत बसल्या की या मागं ओट्यावर बसायच्या, जणू तिथली हवाच त्यांना जास्त मानवते. पण दारात परकं माणूस दिसायचा अवकाश, की कणा ताठ, पदर नीट, आणि चाल अशी की वाटावं, बाई आत्ता धावत जाऊन स्टेशनातली गाडी पकडतील. जन्मभर वाकून कापूस वेचलेल्या गुडघ्यांना हे कसं जमायचं, ते त्या गुडघ्यांनाच ठाऊक.

मी ऐंशीच्या दशकात सून होऊन पांढुर्ण्याला आले. नाटकाचं वेड मला माहेरपासूनच. इथं तर नटी घरातच होती, तिकीटही काढावं लागत नव्हतं!

एका हिवाळ्यात नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. विहाराच्या ओसरीत त्यांनी गुडघेदुखीवाल्या बायकांना बसवलं आणि समजावलं. गुडघ्यासाठी एक व्यायाम आहे. तो खरंच उपयोगी पडतो का, हे तपासायचं आहे. चिठ्ठ्या टाकायच्या. अर्ध्या बायकांनी उन्हाळ्यापर्यंत रोज व्यायाम करायचा, बाकीच्यांनी नेहमीसारखं गरम तेल चोळायचं. मधे एकदा आणि शेवटी सगळ्यांची चाल मोजायची. व्यायाम चांगला निघाला, तर उरलेल्यांनाही शिकवायचा, आणि गावोगावी शिकवायचा.

"मंग आमाले आत्ताच काऊन नाही शिकवत?" एकीनं विचारलं.

डॉक्टरीणबाई उत्तर जुळवत होत्या, तोवर आत्याबाई बोलल्या, "अर्ध्या वावरात नवं बियाणं, अर्ध्यात जुनं. दोन्ही पाहाल्याबिगर नवं चांगलं हाय का नाही, कसं समजंन?"

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मग चिठ्ठ्या निघाल्या, आणि आत्याबाई निघाल्या जुनं बियाणं! नवं बियाणं कोण? तर भिंतीपलीकडची त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे माझी चुलतसासू; तिला मी काकू म्हणायचे. आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण शब्द दिला तो दिला.

दोन अंगणांच्या मधे छातीइतकीच भिंत. आमच्याकडे काही चांगलंचुंगलं रांधलं की भिंतीवरून वाटी जायची, आणि आलेली वाटी कधी रिकामी परत जायची नाही. काकूला वांग्याची भाजी एकटीनं खाववत नव्हती, तिथं व्यायाम एकटीनं कसा करवेल? एक दिवस तिनं वाटीबरोबर टॉवेलची गुंडाळीही भिंतीवर ठेवली.

"बाई, पाहून तं घ्या. हे गुडघ्याखाली ठेवाचं अन् दाबाचं. बस, इतकंच."

"वाटी दे," आत्याबाई म्हणाल्या, "गुंडाळी तुह्याजवळच ठेव."

"कोनाले समजून राहिलं, बाई?"

"मले समजते ना! अन् मी का कोनी नाही का?"

काकू हिरमुसली. मी भिंतीआड पदर तोंडात कोंबून हसले. पण खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या सासूचा पहिल्यांदा अभिमान वाटला. रात्री त्या तेल चोळत कण्हायच्या, पलीकडून काकूचं "दाब... सोड... दाब... सोड" ऐकू यायचं, आणि या तिकडं पाठ करून झोपायच्या.

मग मधली मोजणी आली. मोजायला एक पोरगी आली होती. कोण व्यायामवाली आणि कोण तेलवाली, हे तिला कुणी सांगायचं नव्हतं. आमच्या गल्लीला ही केवढी शिक्षा! विहाराच्या पायरीपासून कडुनिंबापर्यंत जायचं, परत यायचं, पोरगी हातातल्या घड्याळात बघणार. काकू चालली, बरी चालली. मग आत्याबाई. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले. आणि बाई निघाल्या! कडुनिंबाला हात लावून अशा परतल्या की गल्लीनं टाळ्याच वाजवल्या.

"दुखतं का?" पोरीनं विचारलं.

"मले काय झालं दुखाले?"

घरी आल्यावर त्यांना खाटेवर टेकवायला मला आणि नवऱ्याला दोघांनाही हात लावावा लागला.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाई आमच्या घरी आल्या, चेहरा उतरलेला. "व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या, सगळ्या सारख्याच चालल्या. शेवटीही असंच निघालं, तर व्यायामाचा उपयोग नाही असंच म्हणावं लागेल. मग तो कुणालाच शिकवता येणार नाही."

आत्याबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. मी चौकटीशी उभी. नव्या सुनेनं पाहुण्यांसमोर बोलू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण असा प्रवेश चालला असताना विंगेत उभं राहणं माझ्या रक्तात नाही.

"आत्याबाई घरी भिंत धरून चालतात," मी म्हणाले. "त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून तशा चालल्या. बाकीच्यांनीही तेच केलं असणार. आमच्याकडे पाहुण्यांना दुखणं दाखवत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्याकडे, मग आत्याबाईंकडे बघितलं. "मग ती मोजणी रंगीत तालीम समजू," त्या हळूच म्हणाल्या. "खरा प्रयोग शेवटच्या दिवशी. जशा आहात तशाच चाला, आई. एवढंच करा."

त्या गेल्या आणि घरात भूकंप व्हायचा तो झालाच नाही. त्याहून वाईट झालं. आत्याबाई माझ्याशी बोलेचनात. जे काही बोलायच्या ते भांड्यांशी, आणि भांडी मोठ्यानं उत्तर द्यायची.

शेवटच्या मोजणीच्या सकाळी मी त्यांचं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं. त्यांनी ते परत पेटीत टाकलं.

"रोजचंच आन," त्या म्हणाल्या. "अन् थे दाराआडची काठी बी आन."

माझ्याशी बोललेले ते कित्येक दिवसांतले पहिले शब्द. मी काठी आणायला अशी धावले की उंबऱ्याला ठेचच लागली.

सगळी गल्ली जमली होती. काकू आधी चालली, झपझप, हात मोकळे, चेहऱ्यावर एक आठी नाही. लोकांनी वाहवा केली. मग आत्याबाई उठल्या. एक पाऊल, काठी, दुसरं पाऊल. मधेच थांबल्या. कुणीतरी हसलं, दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. कडुनिंबाला त्यांनी नुसता हात लावला नाही, मिठीच मारली, आणि तिथंच श्वास घेत उभ्या राहिल्या.

काकूला राहवेना. "बाई, बसा ना वं!"

"चूप! अर्धं राहालं अजून."

त्या परत आल्या तेव्हा कपाळ घामानं चमकत होतं. पोरीनं विचारलं, "दुखतं का?"

आत्याबाईंनी सगळ्या गल्लीवरून एकदा नजर फिरवली. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दुखते. बहुत दुखते. लिहा!"

त्यांच्यामागं उभ्या असलेल्या तेलवाल्या बायकांनी आपापल्या काठ्या बाहेर काढल्या. शपथ सांगते, मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

घरी येताना त्यांनी माझा खांदा धरला. "जुन्या बियाण्यानं नव्याचं सोंग घेतलं, तं वावरवाल्यानं पेराचं काय?" एवढंच म्हणाल्या.

व्यायाम उपयोगी निघाला. डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या, आणि आत्याबाईंची गुरू म्हणून भिंतीपलीकडून गुंडाळी घेऊन काकूच आली. पुढच्या वर्षी आत्याबाई विहारात खाली बसल्या, पहिल्या रांगेत, काकूला जरा सरकायला लावून. फक्त एक घोटाळा झाला. "दुखते" म्हणायची त्यांना गोडी लागली. पाणी आणायचं निघालं की "दुखते", दळण आणायचं निघालं की "दुखते". माझ्या त्या एका वाक्याची किंमत मी हंड्यांनी मोजली.

परवा माझेच गुडघे घेऊन मी नागपूरला गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाला, "दाबा. काळजी करू नका काकू, हे पुष्कळ ठिकाणी तपासून पाहिलेलं आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले. "त्यातलं जुनं बियाणं माझी सासू होती."

त्यानं पुन्हा गुंडाळीकडे बोट दाखवलं. मी गुंडाळी दाबली.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

"दुखते," मी म्हणाले. "बहुत दुखते. लिहा!"