निकालाच्या वेळी अंगणात

माझ्या पदवीच्या कागदावर नाव माझं असलं तरी ती पदवी मला मिळाली ती माझ्या मावसांमुळे, म्हणजे मावशीच्या यजमानांमुळे. आणि माझे मावसा म्हणजे बुऱ्हाणपुरातले असे एकमेव गृहस्थ, की ज्यांनी झाडून सगळ्या देशांचा स्वयंपाक डोळ्यांनी पाहिला होता आणि ज्यांना साठी उलटेपर्यंत चहाचं आधणसुद्धा ठेवता येत नव्हतं. इटलीत शेवया कशा वळतात, जपानात भात किती पाण्यांनी धुतात, राजस्थानात बाट्या कशा भाजतात, हे ते डोळे मिटून सांगत. घरात साखरेचा डबा कोणता, हे मात्र त्यांना मावशीला विचारावं लागे.

मी जवळच्याच दापोरा गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील केळीच्या बागेत, काका केळीच्या बागेत, आणि बारावी झाल्यावर मीही तिथेच जाणार होतो. पण मावशीने मला बुऱ्हाणपुराला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. घर दोन खोल्यांचं आणि मागे छोटं अंगण. एका खोलीत गॅस आणि मावशी, दुसऱ्या खोलीत टीव्ही आणि मावसा. माझा अभ्यास दुसऱ्या खोलीत. मावसांनी चाळीस वर्षं पॉवरलूम दुरुस्त केले होते आणि त्या खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेले होते. त्यामुळे टीव्हीचा आवाज असा असे, की गल्लीतल्या बाया आपापल्या ओट्यापाशी उभ्या राहून आमच्या टीव्हीवरची भाजी करत. मोगलांची महसूल पद्धत मी पाठ केली ती केक फुगवण्याच्या कृतीबरोबर. परीक्षेत उत्तर आठवेना, तर मी आधी अंडं फेटण्याचा आवाज आठवून बघत असे. मग पुढचं आपोआप यायचं.

मावसांचं बघणं साधंसुधं नव्हतं. पाककलेच्या स्पर्धेचा नवा हंगाम सुरू व्हायचा त्या दिवशी ते आंघोळ करून धुतलेला शर्ट घालून बसत. रविवारी मोबाइलवरून जुने भाग टीव्हीवर लावून एकामागून एक सहा-सहा भाग पाहत, आणि मधे कोणी उठलं तर परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखे बघत. पक्के शाकाहारी. मासा आला की डोळे मिटून घेत, पण मिटल्या डोळ्यांनी मला विचारत, "नीट शिजला का रे बेटा?" मी हो म्हटलं की समाधानाने मान डोलावत. समोर परदेशातले सात थरांचे गोड पदार्थ रचले जात असताना यांच्या मांडीवरच्या ताटात वरण आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असे, आणि त्यात त्यांना काही कमी वाटत नसे. कमी वाटे ते वेगळंच. एकदा पहिला घास घेऊन ते टीव्हीवरच्या परीक्षकांसारखे मावशीला म्हणाले, "रंग चांगला आहे, चव पण बरोबर. फक्त या वरणाला कहाणी नाही." हे ते हळूच म्हणाले, असं त्यांना वाटलं. सबंध गल्लीने ऐकलं.

मावशी आतून म्हणाली, "कहाणी पाहिजे तर शनिवारची वाचते. आधी जेवा."

माझ्या शेवटच्या वर्षी स्पर्धेत जबलपूरच्या एक बाई होत्या. नवरा नव्हता, दोन पोरं होती, आणि बोलताना त्या सारख्या पदराला हात पुसत. त्या जिंकाव्यात म्हणून मावसा बसने इच्छापूरला गेले आणि इच्छादेवीला नारळ फोडून आले. मी नुकताच शहाणा झालेला मुलगा. मी म्हटलं, मावसा, हे सगळं चार महिन्यांपूर्वीच शूट झालेलं असतं, निकाल कधीचा लागलेला असतो. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "देवीला ते माहीत आहे," ते म्हणाले. "तिने चार महिन्यांपूर्वीच ऐकलं असेल."

एवढं सगळं असून मावसांनी एकही निकाल आपल्या डोळ्यांनी पाहिला नव्हता. आज घरी कोण जाणार, हे सांगायची वेळ आली, ढोल वाजायला लागले, स्पर्धकांनी एकमेकांचे हात धरले, की मावसा उठून अंगणात जात आणि तुळशीला पाणी घालत. कोणाला तरी पाठवून देणार, ते त्यांना बघवत नसे. आमच्या तुळशीने कधी कोरडी माती पाहिली नाही. थोड्या वेळाने बाहेरून हाक येई, "कोण गेलं?" आम्ही नाव सांगायचो. मग ते आत येऊन त्या माणसाच्या वतीने एक मिनिट गप्प बसत.

परीक्षेला महिना राहिला होता तेव्हा मावशी मोरीत घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. मला वरण-भातदेखील येत नव्हता आणि मोडक्या हाताच्या बाईच्या घरात आपण आयतं बसून खायचं, याची मला लाज वाटली. गावी केळीची कटाई चालू होती, वडिलांनाही हात हवे होते. मी बॅग भरली. दापोरा काही लांब नाही, पण एकदा बागेत उतरलो की परत पुस्तकाकडे येणं होणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझा चुलतभाऊ दहावीच्या वर्षी असाच आठ दिवसांसाठी गेला होता.

मावसांनी बॅग पाहिली. मला वाटलं समजावतील. त्यांनी स्टूल घेतलं, बॅग उचलून माळ्यावर ठेवली आणि स्टूल शेजारच्यांकडे देऊन आले. "आठ वाजता जेवण आहे," ते म्हणाले. "खिचडी."

त्या संध्याकाळी आमच्या घरातल्या सगळ्या वाट्या आणि शेजारच्या सात, अशा तेवीस वाट्या ओट्यावर मांडल्या गेल्या, कारण टीव्हीवर प्रत्येक जिन्नस वेगळ्या वाटीत असतो. एका वाटीत हिंगाची चिमूट. एका वाटीत नुसतं पाणी. एका वाटीत काहीच नव्हतं. ती कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "असू दे, वेळेवर लागते." मावशीला खुर्चीवर समोर बसवलं. मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावला. मग त्यांनी डाळ-तांदूळ धुतले ते जपानी पद्धतीने, सात पाण्यांनी, आणि त्यातच पंधरा मिनिटं गेली. कुकर त्यांनी नाकारला. पातेल्यात शिजवलेल्या अन्नाच्या चवीला खोली येते म्हणे. गजर वाजला तेव्हा खिचडी उतू जात होती, खालून जळाल्याचा वास येत होता, आणि मावसा ओट्यापासून एक पाऊल मागे सरून दोन्ही हात वर करून उभे होते.

"अहो, गॅस," मावशी म्हणाली.

"वेळ संपली," मावसा म्हणाले. "आता हात लावता येत नाही."

गॅस मी बंद केला. खाली काळी, मधे पिवळी आणि वर कच्ची, अशी ती खिचडी मी तीन ताटांत वाढली आणि बघतो तर मावसा जागेवर नाहीत. अंगणातून तुळशीत पाणी पडल्याचा आवाज आला. मावशीने डाव्या हाताने घास घेतला. बराच वेळ चावला. बाहेरून हाक आली, "कोण गेलं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग माळ्यावरच्या बॅगेकडे. "कोणी नाही गेलं," ती म्हणाली. "मीठ बरोबर आहे. या जेवायला."

तेवीस वाट्या मी घासल्या.

पुढे दीड महिना मावसांनी रांधलं. वाट्या तेवीसच्या नऊ झाल्या, नवाच्या चार. भाकरी आधी मध्य प्रदेशाच्या नकाशासारखी यायची, मग हळूहळू गोल झाली. दापोऱ्याहून वडिलांनी केळफूल पाठवलं तर त्याची भाजी ते मावशीला विचारून विचारून अशी शिकले, की गल्लीतल्या बाया वाटी घेऊन यायला लागल्या. आणि त्या दीड महिन्यात आमच्या घरातला टीव्ही एकदाही लागला नाही. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू येऊन दबक्या आवाजात विचारून गेल्या, सगळे ठीक आहेत ना. माझा शेवटचा पेपर होता त्याच आठवड्यात स्पर्धेचा अंतिम भाग लागला. मी म्हटलं, मावसा, तेवढा तरी बघा, जबलपूरच्या बाई आहेत. ते म्हणाले, "तू तुझं वाच. बाई बघून घेईल." आणि जिंकलं कोण हे सांगायचं नाही, अशी त्यांनी सगळ्या गल्लीला ताकीद दिली.

माझा निकाल मोबाइलवर लागला. मी रोल नंबर टाकला आणि मागे वळलो, तर मावसा अंगणात. पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं आणि बाहेर पाणी पडत होतं. तुळशीची कुंडी भरून वाहू लागली तरी पडत होतं. शेवटी हाक आली, नेहमीपेक्षा हळू, म्हणजे निम्म्याच गल्लीला ऐकू जाईल अशी. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, मावसा," मी म्हटलं.

ते आत आले, शर्टाला हात पुसले आणि गप्प बसले. एक मिनिटापेक्षा जास्त.

आता मी खंडव्याला एका शाळेत शिकवतो. मावशीचा हात बरा झाला, गॅस पुन्हा तिच्याकडे गेला आणि मावसा टीव्हीसमोर. कान आणखी गेले आहेत. फोनवर माझं एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवायला तीनदा ओरडावं लागतं, आणि मला जे म्हणायचं आहे ते ओरडून म्हणण्यासारखं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

ती. मावसांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. इथे खोलीवर स्वतःच रांधतो. काल खिचडी केली. वाट्या तीन लागल्या. एक रिकामी ठेवली होती, वेळेवर लागते म्हणून.

तुमच्या खिचडीला मी तेव्हा मार्क दिले नव्हते. तुम्ही विचारले नाहीत आणि मला धीर झाला नाही. रंग काळा होता. चव मावशी म्हणाली तशी, मीठ बरोबर. पण कहाणी तिच्यात एवढी होती, की ती मला आजवर पुरते आहे. मी अजून त्याच खिचडीवर आहे, मावसा.

तुमचा अंतिम भाग माझ्या पेपरापायी राहिला तो राहिलाच. मीही पाहिलेला नाही, आणि शाळेत कोणाला सांगू दिलेलं नाही. या रविवारी मी येतो. मावशीला म्हणावं, ओट्याकडे फिरकू नकोस, मी करणार आहे. जेवण झालं की आपण तो भाग लावू. धुतलेला शर्ट घाला.

निकालाच्या वेळी अंगणात जाऊ नका. गेलातच, तर मीही येईन. दोघं मिळून तुळशीला पाणी घालू आणि मावशी आतून काय सांगते त्याची वाट बघू.