सुपातला रोबोट

तुकडे जोडून करायच्या खेळण्यातल्या रोबोटचा डबा घरी आणल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर त्याचे सगळे तुकडे चौकटींतून तोडून बायकोच्या सुपात ओतले. प्लॅस्टिकच्या पातळ चौकटी असतात, तुकडे त्यांना बारीक देठांनी चिकटलेले असतात. नेलकटर घेऊन मी एकेक देठ कापत संध्याकाळभर बसलो. लाल, पांढरे, राखाडी, काही बोटाच्या पेराएवढे, काही तिळाएवढे. तुरीच्या शेंगा सोलून झाल्यासारखं सूप हलवलं आणि पलंगावर मुलीसमोर ठेवलं. मुलांना सोपं जावं, एवढाच हेतू होता.

मुलीनं डब्यातलं चित्रांचं पुस्तक उघडलं. सुपाकडं पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडं पाहिलं.

"बाबा, इथी दाखवलं हाय का ए-बारा, सी-चारले लावा. ए-बारा कोणता?"

"त्याच्यावर नंबर असन, पाय ना."

नव्हता. एकाही तुकड्यावर नव्हता. नंबर होते ते चौकटीवर, तुकड्याच्या शेजारी. आणि चौकटी मी कचऱ्याच्या बादलीत टाकल्या होत्या.

आता माझी बाजू ऐका. मी आलापल्लीला लाकूड डेपोत नोकरी करतो. आमच्याकडं सागाचं झाड तोडलं की ओंडक्याच्या बुडाशी हातोड्यानं नंबर ठोकतात. तो ओंडका पुढं नागपूरला जावो नाहीतर आणखी कुठं, नंबर अंगावर घेऊनच जातो. ज्याच्या अंगावर नंबर नाही ते लाकूड चोरीचं. उभी हयात हेच पाहिलेल्या माणसाला, नंबर वस्तूवर नसून वस्तूच्या शेजारी असतो, हे सुचावं कसं? मी हे सगळं बायकोला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग हे सुपातलं सारं चोरीचं हाय म्हणा."

धाकटा मुलगा इतका हसला की त्याला उचकी लागली. मुलगीही हसली, पण जपून. जोरात हसलं की कंबरेखाली कळ जायची.

रोबोट आणायचं कारण तेच होतं. मुलीला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा रक्ताचा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही, चार घरं सोडून कुणाकडं तरी असतोच. थंडी आली की हातपाय धरायचे, सलाइन लागायचं, पुन्हा शाळा सुरू व्हायची. या वर्षी दिवाळीनंतर मात्र उजव्या खुब्याचं दुखणं गेलंच नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, हाड झिजू लागलंय. पाय जमिनीला टेकवायचा नाही. पुढचा फोटो चांगला आला तर पाहू.

त्या 'पाहू'वर आमचं घर चालत होतं. मुलीला स्वतःच्या पायांनी शाळेत जायचं होतं, दुसरं काही नको होतं. तिच्या मैत्रिणी आधी दारात उभ्या राहून हाका मारायच्या. आता आमचं घर आलं की त्या बोलणं थांबवायच्या आणि घर ओलांडल्यावर पुन्हा सुरू करायच्या. पलंग खिडकीशी होता, त्यामुळं तिला ते रोज ऐकू यायचं. म्हणजे ऐकू यायचं नाही, तेच तिला ऐकू यायचं. शेवटी तिनंच आईला सांगून पलंग आतल्या भिंतीला लावून घेतला.

औषधासाठी नागपूरला गेलो होतो तेव्हा दुकानात हा डबा दिसला. वर जपानी अक्षरं आणि तलवार घेतलेला लाल रोबोट. दुकानदार म्हणाला, "गोंद नाई, रंग नाई, पोरं घंटाघंटा बसून राह्यते." बसून राह्यते, एवढंच मी ऐकलं.

तर बादलीतल्या चौकटी काढल्या, धुतल्या. दोन कमी भरल्या. त्या धाकट्याच्या खाटेखाली निघाल्या, त्यानं त्यांची शिडी करून वर मुंगळे सोडले होते. मुलीनं चादरीवर चौकटी मांडल्या आणि सुपातला एकेक तुकडा घेऊन तो कुठल्या रिकाम्या जागेत बसतो ते पाहू लागली. कापलेल्या देठाचा पांढरा डाग तुकड्यावर राहतो, तसाच चौकटीवरही राहतो. डागाला डाग जुळला की नंबर सापडला. सापडला की ती कागदाच्या चिठ्ठीवर नंबर लिहायची आणि चिठ्ठीसकट तुकडा काडीपेटीच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची. ज्या कामाला दुकानदाराच्या हिशेबानं एक दुपार लागायची, त्याला आम्हाला सगळी थंडी लागली. माझ्या चुकीमुळं तिला काम मिळालं, असं मी एकदा म्हणून पाहिलं.

धाकट्याला जोडायची घाई. "ताई, हा हातच व्हय, लाव ना!"

"अबे थांब, डावा हाय का उजवा?"

"लढाईत कोण पाह्यते डावा-उजवा!"

"तुले उलटा हात लावून देऊ का मंग? जेवणाच्या हातानं धूत बसजो."

एरवी ती दोघं बोलायची नाहीत फारशी. तो मैदानावर, ही पलंगावर, आणि मैदानावरून आल्यावर काय सांगावं हे त्याला कळायचं नाही. आता तो शाळेतून येऊन दप्तर टाकायचा आणि सरळ तिच्या पायथ्याशी. दुखऱ्या पायाला धक्का लागू नये म्हणून तिनं मध्ये उशी ठेवली होती, तिला दोघं 'सीमा' म्हणायची. काही दिवस ती अजिबात हात लावायची नाही. कळ आली की भिंतीकडं तोंड करून पडायची. तेव्हा तो काडीपेट्यांची खोकी मोजून पुन्हा तशीच ठेवायचा. मी बाजूला बसून नेलकटरनं तुकड्यांवरचे खडबडीत डाग साफ करायचो. त्याहून मोठं काम मला पुन्हा कुणी दिलं नाही.

धड झालं, हात झाले, डोकं बसलं. पाय राहिले होते. आणि तेव्हा मी ते बोललो. फोटोची तारीख जवळ आली होती, मुलगी गप्प गप्प असायची. म्हणून मी उगाच मोठ्या उत्साहानं म्हणालो, "तिथी जायच्या आधी याले उभा करू. हा उभा झाला का तूही उभी होते, पायजो तू."

धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मुलीनं रोबोटचे पाय असे जीव ओतून केले, की ते पाहून मला माझी जीभ तोडून सुपात टाकावीशी वाटली. बायकोनं मला स्वैपाकघरात बोलावून विचारलं, "फोटो तुम्ही काढून राह्यले का?"

चंद्रपूरला निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी रोबोट उभा राहिला. जरा पुढं झुकला होता. तरी उभा होता. मुलीनं हात काढून घेतला आणि कितीतरी वेळ श्वास धरून पाहत राहिली. निघताना त्याला टॉवेलात गुंडाळून सोबत घेतलं.

आष्टीपर्यंतचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी खाल्लेला आहे. भाड्याची गाडी, मागच्या सीटवर तिला आडवी घेतलेली, डोकं आईच्या मांडीवर. पुढं मी आणि धाकटा. खड्डा आला की गाडीवाला आधीच "सांभाळा ताई" म्हणायचा, आणि ती पोटाशी धरलेला टॉवेल घट्ट करायची. स्वतःला सांभाळत होती की त्याला, मी विचारलं नाही.

फोटो झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मुलं बाहेर होती, ती चाकाच्या खुर्चीत, तो बाकावर. डॉक्टर भला माणूस. त्यांनी दोन्ही फोटो काचेवर शेजारी शेजारी लावले. मागच्या फोटोत गोळा गोल होता, या फोटोत वरून चपटा. मी लाकडं मोजणारा माणूस, गोल काय आणि चपटं काय हे मला कुणी सांगायला नको होतं. "पावसाळा लागेपर्यंत तरी पाय टेकवायचा नाही," ते म्हणाले. "त्यानंतरही मी शब्द देत नाही. पुढं मोठी झाल्यावर ऑपरेशन लागू शकते."

बायकोनं विचारलं, "शाळा?"

"परीक्षेला उचलून न्या."

बाहेर आलो. मुलीनं टॉवेल सोडून रोबोट बाकावर उभा केला होता. तिनं आमच्या तोंडाकडं पाहिलं.

"काय म्हणे?"

"चांगलं म्हणे," मी म्हणालो. "बरंच चांगलं म्हणे. थोडा आराम सांगतला आणखीन." मग रसवंती दिसते का पाहतो, उन्हं कशी लागतात आता, अशी माझी टकळी सुरू झाली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. धाकटा म्हणाला, "म्हणजे उद्या शाळेत?" तेव्हा तिनंच त्याला म्हटलं, "चूप बस ना बे."

घरी आल्यावर तिला पलंगावर ठेवलं. मी रोबोट फळीवर उभा करायला घेतला, समोर, तिला दिसेल असा.

"तिथी नको, बाबा. द्या इकडं."

तिनं त्याचे पाय सरळ केले, तलवार काढून बाजूला ठेवली, आणि त्याला स्वतःच्या शेजारी उशीवर उताणा निजवला. धाकट्याला हे पटेना.

"ताई, तो उभा राह्यते ना आता! काऊन निजवलं?"

"उभा राहून काय करते? एकटाच तर हाय."

धाकटा थोडा वेळ घुटमळला. मग सीमेपलीकडं तोही आडवा झाला.

मी अंगणात येऊन बसलो. पावसाळ्याचं तिला सांगायचं कसं, कुणी सांगायचं, आज की उद्या, याचीच जुळवाजुळव करत होतो, आणि प्रत्येक वाक्य 'चांगलं म्हणे'वरच येऊन थांबत होतं. बायको धुतलेला टॉवेल दोरीवर टाकायला बाहेर आली. टॉवेल नीट पसरला, कोपरे ओढले. माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली, "पावसाळ्याचं नाव काढू नका. तिले आता मोहाची फुलं पडेपर्यंत म्हणा, महिनाभर. ती पडली का मंग तेंदूपत्ता तोडेपर्यंत सांगू."