पिशवी धरणारी

घुग्घुसमध्ये घरोघरी इंटरनेट आलं ते दोन हजार सहाच्या सुमारास, आणि ते लच्छूनं आणलं, असं गाव म्हणतं. लच्छूही चारचौघांत तसंच सांगायचा. त्यातलं अर्धंच खरं. उरलेलं अर्धं मोटरसायकलच्या मागच्या सीटवर, मांडीवर अवजारांची पिशवी घेऊन बसायचं. ती त्याची बायको, चंदा.

लच्छू तळ्यात मासे धरणाऱ्या घरातला. कोळशाच्या खाणीत लागावं म्हणून गाव सोडून घुग्घुसला आला. उंची मापात बसली, छाती बसली, वजन बसलं. मग डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडून विचारलं, यात आकडा कोणता? लच्छूला ठिपके दिसले, आकडा काही दिसेना. तांबडं, हिरवं, तपकिरी, सगळं त्याच्या डोळ्याला एकाच मडक्यातलं. नोकरी हुकली. घरी त्यानं सांगितलं, वशिला नव्हता. आपल्याकडे वशिला नसल्याची कोणाला लाज वाटत नाही, डोळ्यात खोट असल्याची मात्र वाटते.

मग त्यानं केबल टीव्हीच्या तारा ओढल्या, टेलिफोनच्या ओढल्या, आणि एक दिवस राउटर आला. राउटर जोडणं तसं अवघड नाही. टेलिफोनची तार मागच्या छोट्या खाचेत, कॉम्प्युटरची जाड तार शेजारच्या मोठ्या खाचेत, पिन बोर्डात, बटण दाबायचं आणि शंभर मोजेपर्यंत हात लावायचा नाही. पण ती जाड तार घराच्या मापानं कापून तिच्या टोकाला प्लास्टिकचा जॅक बसवावा लागतो. तिच्या पोटात आठ बारीक तारा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रम चुकला की मेहनत पाण्यात. आणि सगळं झाल्यावर राउटरवरचा तांबडा दिवा हिरवा झाला, तरच इंटरनेट आलं म्हणायचं. देवानं हे यंत्र लच्छूचा अंत पाहायलाच घडवलं होतं.

चंदाला नवऱ्याच्या डोळ्यांचं हे लग्नानंतर महिनाभरातच कळलं. नवरा बाजारातून पिकले टमाटर म्हणून पिशवीभर हिरवेगार घेऊन आला. ती पोट धरून हसली. मग त्याचं तोंड पाहिलं आणि गप्प झाली. त्यानंतर ही गोष्ट तिनं आईलासुद्धा सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मुठीवरच त्यांचा धंदा चालला. लच्छू भिंतीला भोक पाडायचा, माळ्यावर चढायचा, कॉम्प्युटरवर नंबर टाकायचा. चंदा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, आठ तारा सोलून चिमटीत धरायची आणि पकडीनं जॅक दाबायची. राउटर चालू केला की लच्छू दिव्याकडे पाहायचा नाही, चंदाकडे पाहायचा. दिवा हिरवा झाला की ती पसारा पिशवीत भरायला लागायची. तेवढ्यावरून हे महाराज मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "घ्या, झालं चालू!"

वरून तो लोकांसमोर तिच्यावर डाफरायचाही. "नीट धर न पिशवी! ध्यान कुठी हाय?" हे नाटकातलं वाक्य होतं असं तो स्वतःला समजवायचा. पण रोज म्हटलं की नाटकातलं वाक्यही लागतंच.

एकदा नीलाबाईंच्या घरी काम होतं. नीलाबाई प्राथमिक शाळेत मास्तरीण, नजर चौकस. म्हणाल्या, "लच्छूभाऊ, बाईचा हात भलता सफाईदार चालते हो."

लच्छू चटकन बोलला, "छे हो बाई, ते तं फक्त पिशवी धरते. कारागिरी आपली हाय."

चंदा मान खाली घालून तार गुंडाळत राहिली. सिमेंटच्या ट्रकांची धूळ खात दोघं घरी आले. चूल पेटवताना ती म्हणाली, "डोळ्याचं नको सांगू. पण एकदा म्हणलं असतं, हे काम हिनं केलं, तं तुहं काय गेलं असतं? एकदाच."

"सांगन न कधीतरी," लच्छू म्हणाला.

दोन वर्षं गेली. कधीतरी काही आलं नाही.

दोन हजार नऊच्या राखीला चंदा माहेरी गेली. माहेर भामरागडच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात. ती पोचली आणि पूर चढला, पूल पाण्याखाली गेला. इकडे लच्छूनं सगळ्या तक्रारी पुढे ढकलल्या. कोणाला सांगितलं, मला ताप आलाय, कोणाला सांगितलं, सामान आलं नाही. खरा ताप तिकडे चंदाला आला होता, हिवताप, आणि तो मेंदूत गेला. निरोप मिळाला तसा लच्छू निघाला, आणि अलीकडच्या काठावर दोन दिवस पाण्याकडे पाहत बसला. तिसऱ्या दिवशी डोंग्यातून नदी ओलांडून तिचा भाऊ सुकलू एकटाच आला. त्याच्या डोक्यावर केस नव्हते. लच्छू तिथेच चिखलात बसला आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला.

तेरवीला घुग्घुसची निम्मी वस्ती आली. ज्यांच्या ज्यांच्या घरी राउटर बसवला ते सगळे आले. सायबर कॅफेवाला धनराज दोन शब्द बोलायला उभा राहिला. "चंदाबाई म्हणजे गरीब गाय. लच्छूभाऊच्या कारागिरीले तोड नाई, पण त्यांची पिशवी धरणारी गेली. मोठा आधार होता त्यांचा."

लच्छू उठला.

"पिशवी मी धरत होतो. काम ते करे. तुमच्या घरचा एकेक जॅक तिच्या हातचा हाय. मले येत नाई. कधीच येत नव्हतं."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. नीलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. कोणीतरी हळूच म्हणालं, "दुःखात माणूस असाच बोलते."

"खोटं नाई सांगून राह्यलो!" लच्छूनं खुंटीवरची पिशवी ओढली, तार काढली, टोक सोललं आणि सगळ्यांसमोर मांडी घालून बसला. "पाहा. पाहून घ्या तुमी." आठ तारा त्यानं बोटांत पसरल्या. नारिंगी कोणती, हिरवी कोणती, तपकिरी कोणती, काही कळेना. ही उचलली, ती ठेवली, परत उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चुकायचंच होतं, आणि तो मन लावून चुकत होता. जॅक दाबला आणि धनराजच्या हातात दिला. "पाह्य आता. सांग या लोकाहिले."

धनराजनं जॅक उजेडात धरला. तारा उलट्यासुलट्या होत्या. त्यानं तो जॅक मुठीत मिटला, लच्छूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या भाऊ. हात थरथर कापून राह्यले तुमचे."

"हात नाई कापत! मले रंग दिसत नाई हो!"

"डोळ्यात येवढं पाणी असल्यावर कोणाले दिसन?" नीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही रडू फुटलं. "किती जीव होता हो तुमचा तिच्यावर. सगळं श्रेय तिच्याच पदरात टाकून राह्यले."

बाया हुंदके देऊ लागल्या. असा नवरा नशिबानं मिळतो, असं एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. धनराजनं लच्छूला धरून पाटावर बसवलं आणि त्याच्या पानात भात वाढायला सांगितलं.