कॉन्झर्व्हेटरीतल्या काती

हसणार नसाल तरच सांगतो. आणि आधीच बजावून ठेवतो, या सगळ्या प्रकरणात माझी चूक फार तर चिमूटभर. बाकी सगळी इंग्लंडची आणि आमच्या सासूबाईंची!

दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी आणि बायको केतकी तेव्हा मेडनहेडला भाड्याच्या जुन्या घरात राहायचो. त्या वर्षी घरी पहिल्यांदाच गणपती बसणार होता, पंचवीस माणसं जेवायला, म्हणून सासूबाई खास पुण्याहून आलेल्या. बॅगेत कपडे कमी, डबे जास्त. "गोडा मसाला मी तिथेच ताजा करणार, आणि त्याचीच आमटी नैवेद्याला," असं त्यांनी फोनवरच जाहीर केलं होतं. मेडनहेडमधली समस्त मराठी मंडळी त्या आमटीची वाट बघत होती.

आता हा देश बघा. इथे सप्टेंबरात गणपती यायला आणि कोळी घरात शिरायला एकच मुहूर्त! एका सकाळी आंघोळीला गेलो, तर टबात हा तळहाताएवढा, केसाळ पायांचा कोळी. मी ओरडलो. कुणीही ओरडलं असतं! तर सासूबाई आल्या, त्याच्यावर स्टीलची वाटी पालथी घातली, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि त्याला बागेत सोडून आल्या. वर मला म्हणतात कशा, "गेला हो मंदारराव. या आता बाहेर."

या आता बाहेर? मी काय लपलो होतो? बरं, दाराआड होतो. पण टॉवेल गुंडाळलेल्या माणसाने उभं राहायचं तरी कुठे?

ठरवलं, आता दाखवूनच द्यायचं. ऑफिसात बसून घराबागेतल्या कोळ्यांची सगळी माहिती काढली, कलर प्रिंट घेतली, फ्रिजवर लावली. टबातला तो हाउस स्पायडर, या दिवसांत मादी शोधत भटकणारा नर. छताच्या कोपऱ्यातला काटकुळ्या लांब पायांचा, धक्का लागला की जाळ्यासकट थरथरणारा, तो सेलर स्पायडर. बागेत चाकासारखं जाळं विणून मधोमध बसलेला, पाठीवर पांढरी फुली, तो गार्डन स्पायडर. आठवडाभर मी दिसेल त्या कोळ्याची ओळखपरेड घेत होतो. कुणाला कौतुक आहे का?

"अरे, मखर कधी करणार आहेस?" केतकी म्हणाली.

"हे ऐक ना, कोळी वाढताना कात टाकतात. हुबेहूब मेलेल्या कोळ्यासारखी दिसते ती."

"मंदार. मखर."

ही आमच्या घरात ज्ञानाची कदर!

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी थर्माकोल आणायला कॉन्झर्व्हेटरीत गेलो. म्हणजे घरामागची ती काचेची खोली, आमच्याकडे ऊन पडलं तर तिथेच पडायचं. आणि तिथे खिडकीच्या कट्ट्यावर, कुंडीच्या आड, अहो, ढीग! काळसर, करडा, चुरगळलेला, पायांत पाय अडकलेला ढीग! मी जागच्या जागी गार. एक नाही, दोन नाही, शेकडो काती!

आता डोकं चालवा. शेकडो काती, म्हणजे शेकडो कोळी. कात टाकली, म्हणजे आता अजून मोठे झालेले. मग ते आहेत कुठे? घरात! आणि उद्या पंचवीस माणसं!

मी आरडाओरडा केला नाही, हे लक्षात घ्या. शांतपणे किडे मारायचा स्प्रे आणला आणि अर्धा कॅन त्या ढिगावर रिकामा केला. मग शेजारच्या बार्बराला बोलावलं. ही निवृत्त शिक्षिका, जन्मभर जीवशास्त्र शिकवलेली, किड्यामुंग्यांचं भारी वेड. म्हटलं, तज्ज्ञ साक्षीदार असलेला बरा, उद्या कुणी मला घाबरट म्हणायला नको.

बार्बराने भिंग काढलं. बघितलं. पुन्हा बघितलं.

"हे स्पायडर्स नाहीत, डिअर."

"नाहीतच! त्यांच्या काती आहेत."

"कातीही नाहीत. हे लाइकन आहे. झाडांच्या सालीवर, दगडांवर वाढतं ना, ते."

"माझ्या खिडकीत दगड कुठून आला?" मी तापलोच. एवढं ढळढळीत समोर दिसतंय, आणि म्हणे जीवशास्त्र शिकवलं!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई झारा घेऊन आल्या. मागोमाग भाजलेल्या धण्या-खोबऱ्याचा घमघमाट.

"अहो, बाकी सगळं भाजून झालं. इथे उन्हात ठेवलेलं माझं दगडफूल कुणी हलवलं का?"

बार्बराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"आई," मी म्हटलं, "त्यावर थोडा स्प्रे मारलाय."

"कसला?"

"कोळ्यांचा."

ओरडल्या असत्या तर परवडलं असतं हो! पण जावयाला ओरडायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांनी त्या ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे." केतकीने मात्र आईच्या वाटचंही बोलून घेतलं. "जन्मापासून ती आमटी ओरपतोयस, दगडफूल कसं दिसतं माहीत नाही तुला?"

नाही माहीत! का असावं? मसाला होत असताना आमच्या आईने मला कधी स्वयंपाकघरात उभं केलं नाही. "लुडबुड करू नकोस" म्हणून हाकललं, आणि आता परीक्षा घेता? माझ्यासाठी गोडा मसाला डब्यातच जन्माला येतो! आणि त्या ढिगावर एक चिठ्ठी ठेवायला काय झालं होतं?

पण खरं सांगू, फार वाईट वाटलं. बाईंनी ते पुण्याहून हँडबॅगेत जपून आणलं होतं. तसाच गाडी काढून लंडनच्या देशी बाजारात, साउथहॉलला गेलो, चार दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आलो.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, पानं वाढली. शेजारी बसलेल्या देशपांडेकाकांनी आमटीचा भुरका मारला, डोळे मिटले, आणि मग कपाळाला आठी.

"वहिनी, आमटी झकास हो. पण गोड्या मसाल्याचा तो खास वास येत नाहीये. काही राहिलं का?"

अख्खी पंगत थांबली. मी पानातल्या मिठाकडे बघत बसलो. सासूबाईंनी माझ्या वाटीत अजून एक डाव आमटी ओतली आणि अगदी मायेने म्हणाल्या,

"यंदा दगडफूल नाही घातलं हो. आमच्या जावईबापूंना चावलं असतं."